थांबवायचं बटण

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. परवाना करमणुकीचा. मशीनवर चित्रं गरगर फिरायची, खेळणाऱ्यानं बटण दाबून ती थांबवायची. तीन सारखी आली की पैसे. एके दिवशी पोलिसांनी धाड टाकून मशिनी उचलल्या आणि तपासायला संपतला बोलावलं. टीव्ही दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती.

फौजदारानं त्याला सोपं करून सांगितलं, "अंगच्या कसबानं जिंकता येत असेल तर खेळ. नशिबावर असेल तर जुगार. तेवढंच बघ."

संपतनं पंचांसमोर मागचं झाकण काढलं. बटणाच्या वायरी फक्त आतल्या दिव्याला गेल्या होत्या. दाबलं की दिवा लागायचा, बस. चित्रं कुठं थांबायची ते मालकानं आधीच ठरवून ठेवलेलं. कसब नव्हतंच, धड नशीबही नव्हतं.

कोर्टात त्यानं हेच सांगितलं. मग मालकाच्या वकिलानं आपला साक्षीदार पुकारला. पिंजऱ्यात उभा राहिला तो संपतचा थोरला भाऊ, कडूबा. तीन वर्षं तो रोज त्या मशीनवर बसत होता. त्याची बायको शीतल हिच्या गळ्यात आता नुसते काळे मणी उरले होते.

"जिंकायला काय लागतं?" वकिलानं विचारलं.

"हात लागतो, साहेब. नजर लागती. कवा दाबायचं ते मला बराबर कळतं."

"असं बोलायला कुणी शिकवलं?" सरकारी वकिलानं टोकलं.

"कुणीबी न्हाई. शपथ घेतलीय मी."

तो खोटं बोलत नव्हता, हे संपतला ठाऊक होतं. तेच त्याला सोसेना.

दोन पंचांपैकी एक उलटला. संशयाचा फायदा मिळून मालक सुटला, मशिनीही परत मिळाल्या.

कोर्टाबाहेर संपतनं भावाला गाठलं. "दादा, त्या बटणाची वायर दिव्याच्या पुढं कुठंच जात न्हाई. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

कडूबानं त्याच्याकडं बघितलं नाही. "तू म्हणतोस तसं आसंल, तर मंग मी तीन वर्षं तिथं काय करून राह्यलो?"



पार्लर सोमवारी उघडलं. मालकानं कडूबाला हाताला धरून पहिल्या मशीनवर बसवलं, वर चहा पाजला.

त्याच आठवड्यात शीतल लेकीला घेऊन मंठ्याला माहेरी निघाली. बसवर सोडायला संपत गेला. "वहिनी, मी समजावतो त्याला," तो म्हणाला.

"आता कसे समजतील, भाऊजी? आधी नुसता नाद होता. आता शपथेवर सांगून आलेत."

बस लागली. पिशव्या संपतनंच वर चढवल्या. कडूबा आला नव्हता.