उजव्या हातातली साखर

पार्श्वभूमी

पालमच्या पुढं, योगीराज बाबाच्या मठात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. माइकवरून रक्तातल्या साखरेचे आकडे घुमत होते. "व्यंकटराव. आधी चारशे बारा, तीर्थानंतर एकशे छत्तीस." गर्दीनं हात जोडले. व्यंकटराव उठले आणि आपली इन्सुलिनची बाटली चुलीवरच्या उकळत्या हंड्यात सोडून आले. आत आधीच्या बाटल्या खडखडत होत्या.

"यंत्र डॉक्टरांचं, सुई डॉक्टरांची," बाबा म्हणाले. "आपलं तर नुसतं पाणी हाय, बाबांनो."

हे खरं होतं, आणि निकिताला तेच खुपत होतं. बोटं टोचणारे सगळे तिचे सोबती होते. तिच्यासारखेच परभणीत क्लिनिकल रिसर्चचं शिक्षण घेणारे तरुण डॉक्टर. त्यांचे शिक्षक दिनकरराव सर यांनी सगळ्यांना इथं प्रकल्पासाठी आणलं होतं.

पद्धत

भक्त आला की बाबा त्याच्या तळहातावर स्वतःच्या हातानं चुरलेला गूळ ठेवत. तो खायचा आणि हात डोक्याला पुसायचा. प्रसादाचा हात धुवायचा नसतो, हे इथं लेकरालाही ठाऊक. मग डॉक्टर स्पिरिटचा बोळा फिरवून बोट टोचत. नंतर बाबा मंत्र म्हणत हंड्यातल्या पाण्यात विसण घालून तोच हात धूत. पुन्हा टोचणं, पुन्हा आकडा.

"तोच रुग्ण, तेच यंत्र, आधी आणि नंतर," सर खुशीत म्हणाले. "ह्याहून स्वच्छ अभ्यास दाखवा मला."

"सर, निरोगी माणसाचं कुणी मोजलं?" निकितानं विचारलं.

"निरोग्याला शुगर असती का, मॅडम?"

सोबती हसले. त्यांचे मार्क सरांच्या हातात होते.

हितसंबंध

पहिल्या रांगेत सतरंजीवर बायनाबाई पडली होती. निकिताची आत्या. तिनं गेल्या गुरुवारी इन्सुलिन हंड्यात टाकलं होतं. तेव्हा निकिता वॉर्डात ड्यूटीवर होती. आत्याचा श्वास खोल आणि भराभर चालला होता, आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास होता. बाया वाकून वाकून तो वास घेत होत्या.

"देवानं पोटात अत्तर ठेवलंय," एक म्हणाली.

निकिता आत्याजवळ वाकली. हा वास तिला वॉर्डात शिकवला होता. इन्सुलिन बंद झालं की शरीर स्वतःचीच चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं, मग श्वासाला असा वास येतो. आणि मग माणूस जातो.

"गोपाळ, गाडी काढ. दवाखान्यात न्यायचंय."

"ताई, आई समाधीत हाय," आत्याचा मुलगा म्हणाला. "बाबा म्हणले, उठवायचं न्हाई."

"मरायलीय ती."

"मग गेल्या गुरुवारी तीर्थानंतर तुज्याच सरांनी एकशे तीस मोजली ते खोटं का?"

या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय गाडी निघणार नव्हती.

नियंत्रण गट

निकिता यंत्र घेऊन बाबांसमोर बसली. "बाबा, तुमचं बोट द्या."

एवढ्या लोकांपुढं नाही म्हणता येईना. "घे लेकी. ह्या देहाला रोग न्हाई."

तिनं उजव्या हाताचं बोट स्पिरिटनं पुसलं, टोचलं. साखर यंत्राच्या मोजमापाबाहेर गेली होती. "बाबांची शुगर सहाशेच्या वर," तिनं माइकवर सांगितलं.

बाबांनी डोळे मिटले. "तुमची साखर जाती कुठं, कुणी इचारलं का कधी? मीच घेतो ती, ह्या देहात."

बाया हुंदके देऊ लागल्या. दिनकरराव सरांचेसुद्धा डोळे पाणावले.

"आता डावा हात," निकिता म्हणाली.

प्रसाद उजव्याच हातानं वाटतात. डाव्या हातात सकाळपासून माळ होती. बाबांनी तो मागं घेतला, पण तिनं मनगट धरून बोट टोचलं. एकशे दोन.

"बाबा, लोकांची साखर नुसती उजव्या अंगात घेता का?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. निकिता गोपाळकडं वळली. "स्पिरिटनं जंतू मरतात, गूळ निघत नाही. पहिल्यांदा यंत्रानं रक्त मोजलंच नाही, बोटावरचा गूळ मोजला. बाबांनी गूळ धुतला आणि आम्ही त्याला गुण म्हटलं. आत्याची एकशे तीस इन्सुलिनमुळं होती, पाण्यामुळं नव्हे."

गोपाळ गाडीकडं पळाला.

निष्कर्ष

बाबाला कुणी हात लावला नाही. सगळे हंड्यावर तुटून पडले, हात भाजून घेत आपापल्या बाटल्या शोधू लागले. इन्सुलिन उकळलं की वाया जातं, हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

त्या गडबडीत बाबांनी निकिताला हळूच विचारलं, "पोरी, डाव्याची किती म्हणलीस? बरी हाय ना?"

गंगाखेडच्या अलीकडं गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. आत्या तिथंच गेली. गोपाळनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "वास अजून यायलाय."

मर्यादा

संध्याकाळी सरांचा फोन आला. "तुमच्या आत्याबाईंना अभ्यासातून गळालेल्या दाखवू या का?"

"गळाल्या नाहीत, सर. मेल्या. तसंच लिहा."

पुढच्या गुरुवारी निकिता मठाच्या फाटकाबाहेर बसली. शेजारी बादली, साबण आणि तांब्या घेतलेला गोपाळ. येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगत होती: आधी हात धुवा, मग मोजा. कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, मग तो डॉक्टर का असेना, त्याला विचारा की बोटाला काय लागलं होतं आणि निरोग्याचं मोजलं का. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय इन्सुलिन सोडू नका.

दर गुरुवारी येणाऱ्या पार्वतीबाईनं हात धुतला आणि सवयीनं गुळानं चिकट झालेल्या डोक्याला पुसला.

गोपाळनं तो पुन्हा धुतला.