उजवीकडचे आकडे

मित्रांनो, मी जाड पुठ्ठ्याचा एक जुना तक्ता. बिबवेवाडीत खोकी बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे माझा जन्म झाला. परदेशात माल कुठे पाठवावा हे ठरवायला ऑफिसात काम करणाऱ्या पूर्णिमाताईंनी मला कापले, वर पांढरा कागद चिकटवला आणि दोन रेघा काढल्या. दोन चिमुकले देश दर वर्षी बाहेरून किती रुपयांचा कागद आणि पुठ्ठा विकत घेतात, त्याचा वीस वर्षांचा आलेख! डोंगरातल्या देशाची रेघ हिरवी, बेटांवरच्या देशाची निळी.

डोंगरवाल्याची खरेदी इतकी थोडी, की एकाच मापाने काढली असती तर हिरवी रेघ तळाशी झोपूनच राहिली असती. म्हणून ताईंनी मापे दोन घेतली. हिरवीचे आकडे डावीकडे, लाखांत. निळीचे उजवीकडे, कोटींत. मालक पृथ्वीराजशेठ आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत. वाचत मात्र कधी नसत.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. मशीन चालवणाऱ्या दशरथमामांनी मलाही झेंडूची जाडजूड माळ घातली. ती लोंबली नेमकी उजव्या कडेवर. पूजेची माळ आपणहून गळेपर्यंत काढायची नाही, ही तिथली रीत. फुले वाळली, कोटी झाकलेलेच राहिले.

महिन्याभराने शेठ माझ्यासमोर उभे राहिले. हिरवी रेघ वर, निळी खाली.

"ठरलं! माल डोंगरात पाठवायचा."

"साहेब, उजवीकडचे आकडे बघितलेत ना?" ताईंनी विचारले.

"अगं, मी बी.कॉम. आहे. मला आलेख शिकवतेस?"

ऑर्डर येण्याआधीच दोन कंटेनर पुठ्ठा तयार झाला. तिकडच्या व्यापाऱ्याने कळवले, 'एवढा आमच्या अख्ख्या देशाला वर्षभर पुरेल. मला एक टेम्पो बास.'

शेठनी मशीन बंद करवले, सगळ्यांना गोळा केले आणि ताईंकडे बोट दाखवले. "हिच्या चुकीच्या तक्त्यानं बुडवलं मला. उद्यापासून येऊ नकोस!"

मित्रांनो, संतापाने माझा पुठ्ठा तडकायचाच बाकी राहिला! जिने आकडान् आकडा तीनदा तपासला, तिलाच घरी बसवायचे? आणि ज्याने एकदाही वाचला नाही, तो न्याय करणार?

दशरथमामा पुढे आले. "शेठ, माळ म्या घातली. चूक माझी हाय." त्यांनी माळ उचलली. खाली कोटींचे आकडे लख्ख होते. हिरवीचे सगळ्यात उंच टोकही निळीच्या सगळ्यात खालच्या टोकापुढे किरकोळ!

"तुमची कसली चूक, मामा?" ताई म्हणाल्या. "माळ बाजूला करायला बी.कॉम. लागत नाही."

शेठ ताईंजवळ येऊन पुटपुटले, "बरं, ये उद्या."

"साहेब, काढलंत चारचौघांत, आणि बोलावता कानात?"

कोणी मशीन सुरू करेना. अखेर शेठना मोठ्याने म्हणावे लागले, "चूक माझी होती." ताईंची नोकरी राहिली.

पण राग कुठेतरी निघायलाच हवा ना! जाता जाता शेठ गरजले, "तो चुकीचा तक्ता आधी रद्दीत टाका!"

रद्दीत जाण्याचे मला दुःख नाही. मी पुठ्ठाच; लगदा होईन, पुन्हा पुठ्ठा होईन. पण मित्रांनो, कुणाच्या मेहनतीवर शिक्का मारण्याआधी ती नीट वाचत चला. मला जुना म्हणा, फाटका म्हणा, चुकीचा म्हणू नका. माझ्यावरचा एकही आकडा चुकलेला नाही.