सतरा नंबरचा सेन्सर

बसा जरा, विमान अडवून धरणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगतो. विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये तिला सगळे डिंकबाई म्हणतात. पंखाच्या पोटात हात घालायचा, पत्रा घासायचा, पुसायचा आणि बोटाच्या पेराएवढा सेन्सर चिकटवायचा, हे तिचं काम. पत्र्याला तडा जायला लागला की सेन्सर ओरडतो. अकरा वर्षांत तिनं चिकटवलेला एक निसटला नाही.

त्या सकाळी सतरा नंबर तिसऱ्यांदा ओरडला.

शेडच्या साहेबानं कपाळावर हात मारला. "दोनदा बदलला हो! तरी हा नणंदेसारखा एकच सूर लावून बसलाय."

"मग नणंद काय म्हणते ते ऐका की एकदा," डिंकबाई म्हणाली. " रंग खरवडून बघा."

"खरवडला की दिवस गेला. चारला उडायचंय त्याला. नवा चिकटवा, आणि नीट चिकटवा."

आधी दोनदा हेच झालेलं. सेन्सर बदलला आणि हिच्या फाईलीत ठपका पडला: 'चिकटवण्यात कसूर.' तिसरा पडला की काम गेलं, असा नियम. आणि पन्नाशीतल्या बाईला दुसरीकडे कोण घेतंय?

पण तिचं डोकं फिरलंच. "कुत्रं भुंकलं म्हणून कुत्रं बदलता होय, साहेब? दाराशी कोण आलंय ते कोण बघणार, त्याचा बाप?"

"तिसरा ठपका लिहू?"

"लिहा. पण आधी खरवडा. तोवर मी इथनं हलत नाही." आणि रिकामा डबा उपडा घालून ती पंखाखाली बसलीसुद्धा.

साहेबानं तासभर फोन केले, आदळआपट केली. शेवटी ओरडला, "खरवडा रे! फिटू दे हिची हौस."

रंग निघाला. तड्यात मुरून बसणारं तांबडं औषध लावून पुसलं, वर पांढरी पावडर मारली. सगळे मान वर करून उभे. बोल्टाच्या भोकापासून पावडरीत हळूहळू एक तांबडी रेघ उमटली. पापणीच्या केसाएवढी.

विमानाला 'उडवू नये'ची पाटी लागली.

संध्याकाळी ती साहेबाच्या टेबलापाशी गेली. "तिसरा ठपका टळला. आता आधीचे दोन काढा."

साहेबानं खण उघडले, मिटले, परत उघडले. "बाई, ठपका लिहायचा फॉर्म आहे. काढायचा नाहीच आपल्याकडे."

"नाहीच?"

"कधी लागलाच नाही हो."

"लागेल कसा," ती म्हणाली आणि अंगठ्यावरचा वाळका डिंक खरवडत बाहेर पडली.

पुढं पंखाला ठिगळ बसलं, त्यावर सेन्सर तिनंच चिकटवला. ठपके मात्र आहेत तिथंच आहेत. तेव्हा तुमच्या ओळखीत कचेऱ्यांचे फॉर्म बनवणारं कुणी असेल, तर माझ्यासाठी एवढा शब्द टाका. ठपका काढायचा एक बनवून द्या म्हणावं. अर्ध्या पानाचा असला तरी चालेल.