पोपट बोलेना

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी माझ्या काकांची बोलती बंद केली. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कॉम्प्युटरवरून आणि वर "पाच मिनिटांचं काम आहे हो" असं मिरवून.

काकांचा आवाज चार वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. जीव वाचला, आवाज गेला; सौदा वाईट नव्हता. तेव्हापासून ते तळहाताएवढ्या एका कॉम्प्युटरवर टाइप करतात आणि तो बोलतो. त्याला आम्ही पोपट म्हणतो. पोपटाचा आवाज सर्दी झालेल्या हेडमास्तरसारखा आहे. काकांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे तो त्यांना शोभतोही.

काकांची नात आहे भिंगरी. वय पाच, मुक्काम समुद्रापलीकडे. आजोबांचा खरा आवाज तिला आठवणं शक्यच नाही. तिच्या लेखी आजोबा म्हणजे तो सर्दीवाला हेडमास्तरच. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिचा फोन येतो आणि आजोबा तिला गोष्ट सांगतात. गेल्या शनिवारी गोष्ट रंगात आली होती. "हत्ती लिफ्टमध्ये शिरला, तिसरा मजला गेला, आणि चौथ्याच्या आधी लिफ्ट" एवढं म्हणून पोपट गप्प झाला, तो झालाच. पंधरा दिवस त्याचं हे चालू होतं, मध्येच अडकायचं. हत्ती लटकला, भिंगरी रडली. आठवडाभर ती आईला विचारत होती, लिफ्टमध्ये हत्तीला जेवायला कोण देतं?

म्हणून मला बोलावणं आलं.

मी झेरॉक्स मशीन दुरुस्त करते. मला कोणी शिकवलं नाही. मशीन उघडली, हात काळे केले, शिव्या खाल्ल्या, शिकले. डिग्रीवाले साहेब मशीनला हात लावायला घाबरतात आणि बिघाडाचा अहवाल मात्र सुंदर लिहितात, त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही, कारण जागा पुरणार नाही. तर पोपट मध्येच अडकतो याचा अर्थ त्याचं फर्मवेअर बिघडलंय, हे मी दोन मिनिटांत ओळखलं. फर्मवेअर म्हणजे यंत्राचं मूळचं शहाणपण. उठायचं कसं, डोळे उघडायचे कसे, हे त्याला तिथून कळतं. ते पुसून नवं घालायचं.

केबल लावायला गेले तर कव्हर आडवं आलं.

आता कव्हराचं सांगायलाच हवं. काकूंच्या घरात कव्हराशिवाय फक्त माणसं फिरतात. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिक, स्टुलाला झालर. शिलाई मशीनला कव्हर आहे आणि त्या कव्हरावर धूळ बसू नये म्हणून वर एक टॉवेल आहे. पोपटाचं कव्हर तर चारी बाजूंनी शिवून बंद केलेलं. चेन लावली की ती तुटते, हे काकूंचं शास्त्र. मी कात्री घेतली आणि खालची शिवण उसवली.

काकूंनी असं पाहिलं, जणू मी पोपटाची नव्हे त्यांचीच कातडी सोलतेय.

"विचारायचं तरी गं!"

"काकू, केबल लावायचीये."

"केबल लावायचीये म्हणे. उद्या डोक्याला बाम लावायचा तर केस कापशील!"

आणि त्या तरातरा शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. इकडे माझं फर्मवेअर चढत होतं, तिकडे त्यांचं मशीन खडखडत होतं. पंचवीस मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर "यशस्वी" अशी अक्षरं आली, त्याच क्षणी काकूंनी धागा तोडला. पोपटाचं नवं कव्हर तयार. काकांच्या जुन्या कोटाचं जाड कापड, पडद्यावर आणि अक्षरांच्या कळांवर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, केबलसाठी खाली चीर, "म्हणजे पुन्हा कात्री चालवायला नको तुला." मनगटाला अडकवायला बंद, आणि तो बंद धरायला बाजूला कोटाचंच एक जाडजूड बटण. मी पोपट चालू करायच्या आत काकूंनी तो माझ्या हातातून घेतला, कव्हरात कोंबला आणि शिवून टाकला.

मग मी चालू करायची कळ दाबली.

काही नाही. पडदा काळा. पुन्हा दाबली. दहा सेकंद दाबून धरली, तीस सेकंद धरली. नखाखालचं रक्त गेलं, पण पोपटाला जाग येईना.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"होतंय."

काकांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू ते चिठ्ठ्यांना वापरतात. मी ती न बघता चहाच्या कपाखाली ठेवली. "काका, एक मिनिट, मला काम करू द्या."

चार्जर बदलला. केबल बदलली. तासभर चार्जिंगला ठेवला. कॉम्प्युटरला जोडला तर कॉम्प्युटर म्हणतो, "यंत्र सापडले. नवीन फर्मवेअरची वाट पाहत आहे."

"अरे आत्ताच तर गिळलंस!" मी ओरडले.

पुन्हा चढवलं. पुन्हा यशस्वी. पुन्हा काळा. तिसऱ्यांदा फाइलच नव्याने उतरवून घेतली, तेही यशस्वी. दुपारपर्यंत मी तीनदा यशस्वी झाले होते आणि पोपट एकदाही बोलला नव्हता. असं यश मी फक्त सरकारी फलकांवर पाहिलंय.

काका चिठ्ठ्या देत होते. मी कपाखाली ठेवत होते. मध्ये एकदा त्यांनी पोपट माझ्या हातातून घेऊन कव्हर ओढायला सुरुवात केली, तर काकू कडाडल्या, "हात लावू नका! आत्ता शिवलंय!" काकांनी चिठ्ठी त्यांच्यापुढे नाचवली.

"चष्मा सापडत नाहीये मला," काकू म्हणाल्या.

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

सकाळभर काकू खुशीत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य मध्येच न तुटता पूर्ण होत होतं. "पडदे धुवायला काढणारे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. नेहमी इथे पोपट म्हणतो, "मागच्याच आठवड्यात धुतले, आता काय झिजवून संपवणार?" तो म्हणाला नाही. "म्हणजे मी म्हणते ते बरोबर," काकूंनी जाहीर केलं. पण दुपारी तीनच्या सुमारास त्यांची मजा उतरली. उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती वेळ भांडणार? भिंतीवर चेंडू मारला तरी तो परत येतो.

"काय हो," त्या हळूच म्हणाल्या, "काहीतरी म्हणा ना. वाकडं म्हणा."

काकांनी खांदे उडवले.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकवली. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणे. महत्त्वाचा असता तर उचलला असता! शेवटी एक गोड गळ्याचा माणूस आला.

"मॅडम, मॉडेल जुनं आहे. बोर्ड गेला असणार. नवीन घ्या."

"न बघता कळलं तुम्हाला?"

"मॅडम, आमचा अनुभव आहे."

"बरं. नव्यात आवाज हाच असेल? तीन नंबरचा?"

"तो काढून टाकला, मॅडम. नवीन आवाज खूप गोड आहेत."

"गोड मागितलाय कोणी? त्या पोरीला तिचे आजोबा हवेत!"

"मॅडम, आपला अभिप्राय नोंदवू?"

मी जो अभिप्राय दिला तो त्याने नोंदवला नसावा.

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. बाजूला काका बसले होते. हातात हत्तीची गोष्ट. त्यांनी ती कागदावर लिहून काढली होती. मी ती वाचून दाखवली असती, पण भिंगरीने लगेच ओळखलं असतं, ही तर आत्या. आणि पुढच्या आठवड्यात काय? त्याच्या पुढच्या? नव्या गोड आवाजातला कुणी अनोळखी माणूस दर शनिवारी तिला म्हणणार, मी तुझा आजोबा. मोठं माणूस समजून घेईल. पाच वर्षांचं पोर समजून घेत नाही, आणि का घ्यावं?

साडेचार वाजले. मला रडू आलं. मला रडू आलं की मी आवराआवर करते. टेबल पुसायचं म्हणून कप उचलला, तर खाली चिठ्ठ्यांची गड्डी.

पहिली चिठ्ठी. काकांचं फळ्यावरचं वळणदार अक्षर: "नवं कव्हर फार घट्ट आहे. कोटाचं बटण बाजूच्या खालच्या कळेवर बसलंय. ती सतत दाबली जातेय."

दुसरी: "कव्हर काढून बघ."

तिसरी, मोठ्या अक्षरात: "कव्हर काढ."

चौथी: "कव्हर!!"

पाचवीवर नुसतं एक चित्र होतं. पोतं, पोत्यात पोपट, आणि बाहेर दोन बायका, दोघींचे कान गायब.

मी माहितीपुस्तिका उघडली. सहाव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: बाजूची खालची कळ दाबलेली असताना यंत्र चालू केल्यास ते नवीन फर्मवेअरची वाट पाहत थांबते, पडदा काळा राहतो.

म्हणजे पोपट ठणठणीत होता. सकाळपासून. मी उठ म्हणायचे आणि कोटाचं बटण त्याच्या बरगडीत बोट खुपसून म्हणायचं, थांब.

आणि हे या घरात एका माणसाला साडेदहापासून माहीत होतं. त्याने लिहून दिलं, पाच वेळा. एकीने चष्मा लावला नाही, दुसरीने कप ठेवला. ज्या माणसाचा आवाज परत आणायला मी दिवसभर घाम गाळला, त्याचंच ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता. मदतकेंद्रवाल्याला शिव्या घालताना मला लाज वाटायला हवी होती. बासरी मीही वाजवतच होते.

"काकू," मी चिठ्ठ्या पुढे केल्या. "वाचा."

काकूंनी माझा चेहरा पाहिला. हात सरळ डोक्याकडे गेला, न शोधता. चष्मा नाकावर आला. पाचही चिठ्ठ्या वाचल्या. चित्राशी जास्तच वेळ थांबल्या.

"माझा अंबाडा एवढा मोठा नाहीये," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, कात्री आणली आणि स्वतः शिवलेली शिवण स्वतः उसवली. एक टाका, दोन टाके, मग सरळ कापडच चिरलं. या घराच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. काकांनी उभं राहून पाहिलं.

पोपट उघडा झाला. मी चालू करायची कळ दाबली. एक, दोन, तीन, चार. पडदा उजळला.

"भाषा निवडा," पोपट एका भलत्याच बाईच्या आवाजात म्हणाला.

काकूंनी छातीवर हात ठेवला. "हे कोण आता?"

"घाबरू नका. नवं फर्मवेअर घातलंय ना, जुनी निवड पुसली गेली. आवाज निवडायचाय." पाचला सहा मिनिटं होती. मी पोपट काकांच्या हातात दिला. त्यांनी भाषा निवडली. पहिला आवाज: बाई. दुसरा: तरुण मुलगा. तिसरा दाबला. मग सावकाश टाइप केलं.

"पडदे मागच्याच आठवड्यात धुतले," सर्दी झालेले हेडमास्तर म्हणाले. "आता काय झिजवून संपवणार?"

"सकाळपासून हेच म्हणायचं होतं का हो तुम्हाला?" काकू म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत होत्या. "आणि हिला बघा! मोठी मेकॅनिक! कव्हर काढायचं सुचलं नाही."

"काकू, शिवलं कोणी?"

"तू उसवलं म्हणून शिवलं!"

"भांडण नंतर," पोपट म्हणाला. "फोन वाजतोय."

खरंच वाजत होता. भिंगरीने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत.

"आजोबा, हत्ती अजून लिफ्टमध्येच आहे?"

काकांनी लिहून काढलेली गोष्ट समोर होती. त्यांनी तिची घडी घालून खिशात टाकली. काकूंकडे पाहिलं. मांडीवर कापलेल्या कव्हराचे तुकडे घेऊन काकू मान वाकडी करून बसल्या होत्या. काकांची बोटं कळांवर धावायला लागली, आणि ते गालातल्या गालात हसतही होते.

"हो गं," पोपट म्हणाला. "लिफ्टमधलं बटण कुणी दाबूनच ठेवलं होतं, म्हणून लिफ्ट हलेना. हत्ती ओरडून सांगत होता, पण बाहेरच्या दोघी बायकांना वाटलं, हत्तीला काय कळतंय."

"मग?" भिंगरीने श्वास रोखला.

"मग एका आजीने चष्मा लावला," पोपट म्हणाला, आणि या वेळी मध्येच थांबला नाही.