सहा पौंड हवा, सहा मिनिटं

मामांच्या गॅरेजात एक रीत होती. गाडी बांधून झाली की शेवटचा बोल्ट मामा स्वतः आवळत नसत. पाना गाडीच्या मालकाच्या हाती देत आणि म्हणत, "तुमचाही हात लागू द्या. आपण कुणाचे आहोत हे मशीनलाही कळलं पाहिजे." माणसं हसत, पण आवळत. लोखंडातही देव असतो, फक्त कुणीतरी त्याला प्रेमानं हाक मारावी लागते, असं मामांना अगदी मनापासून वाटे.

भिंगरी, म्हणजे त्यांची भाची, हिनं आपल्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा शेवटचा बोल्ट असाच आवळला होता, तोही दोनदा. पहिल्या बांधणीनंतर सरावात पिस्टन भर वेगात जाम झाला आणि पोरगी गाडीवरून थेट गवतात गेली. हाड वाचलं, देवाची कृपा. मामांनी पिस्टन, सिलिंडर सगळं नवं घातलं. पण भिंगरीची आई, म्हणजे मामांच्या थोरल्या ताई, त्या दिवसापासून शर्यतीचं नाव काढू देत नव्हत्या.

शर्यत उद्या सकाळी होती आणि इंजिनानं पुन्हा तोच, जाम होण्याआधीचा सूर धरला होता. अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात सोडला तरी आवाज खाली उतरेना. वरच्या पट्टीत अडकलेल्या गवयासारखं ते ताणून बसलं. मामांनी ओळखलं आणि बोलून दाखवलं, कुठून तरी वारा आत शिरतोय. या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, तेलही कमी पडतं, आणि पिस्टन पुन्हा जाम.

हे ताईंनी दारातच ऐकलं. गळ्यात शिवणकामाचा टेप तसाच होता. आपल्या शिवणाच्या दुकानातलं काम अर्धवट टाकून आल्या होत्या.

"मग ठरलं," त्या म्हणाल्या. "गाडी उद्या हलणार नाही."

"आई, मामा शोधतायत ना."

"मागच्या वेळीही मामाच होते."

ते मामांना लागलं. "ताई, इंजिनाची सगळी तोंडं रबरानं बंद करतो आणि आत सहा पौंड हवा भरतो. सहा मिनिटं दाबाचा काटा हलला नाही, तर भिंगरी जाईल. रात्रीपर्यंत हलतच राहिला, तर गाडीला कुलूप मी लावतो."

"शब्द?"

"शब्द."

ताई स्टूल ओढून घड्याळासमोर बसल्या. मामांनी पंप मारला. मिनिटभरात काटा सहावरून चारावर आला. भिंगरीनं मान फिरवली.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश. हवा निसटते तिथे बुडबुडा येणार, एवढं साधं गणित. मामांनी दोन्ही बाजूंची सीलं भिजवली, सिलिंडरचा तळ भिजवला, वरचं झाकण भिजवलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. तासभर इंजिनाला अभ्यंगस्नान चाललं होतं.

"आणि ती रबराची नळी?" ताईंनी कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधे बोट दाखवलं.

"ती सोड. तिथला शेवटचा बोल्ट भिंगरीनं मनापासून आवळलाय."

"मनापासून म्हणजे किती गं?"

"दोन्ही हातांनी," भिंगरी म्हणाली. "आणि चाकाला पाय लावून."

ताईंनी गळ्यातल्या टेपचं एक टोक ओढलं. "कॉलरचं एक टोक असं ओढून शिवलं, तर समोरचं टोक उचलतं. पहिल्या महिन्यात शिकवते मी पोरींना. इथे शिकवत नाहीत?"

शिकवत होते. नळीचे चारही बोल्ट थोडे थोडे, समोरासमोर आवळायचे, यावरून मामांनी आयुष्यभर लोकांना झापलं होतं. पण एक बोल्ट मालकासाठी ढिला ठेवायचा, तर ते जमणार कसं? मामा जमिनीवर आडवे झाले आणि खालच्या, समोरच्या कोपऱ्याला ब्रश लावला. चिमणीच्या डोळ्याएवढा बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला.

"काखेत कळसा," ताई म्हणाल्या.

मामा उठले नाहीत. "ताई, पहिल्या वेळीही हेच झालं असणार. पोरीला गवतात मीच फेकलं."

भिंगरी म्हणाली, "मामा, जोर माझा होता."

"माझ्या लेकीला ताकद मीच खाऊ घातली, मग माझीही चूक," ताई म्हणाल्या. "उठ आता. नीट लाव."

नवं पॅकिंग आलं. चारही बोल्ट मामांनी एकट्यानं, समोरासमोर, पाव पाव फेरा देत आवळले. पंप मारला. काटा सहावर.

दोन मिनिटं. चार. सहा झाली. काटा जागचा हलला नव्हता.

"ताई, झाली सहा."

"मला घड्याळ कळतं." ताई तशाच बसून राहिल्या. दहा मिनिटं झाल्यावर उठल्या. "रबरं काढ. आवाज ऐकव."

सगळं परत जोडून भिंगरीनं किक मारली. इंजिन गर्जलं, तिनं हात सोडताच आवाज शहाण्यासारखा खाली उतरला आणि तिथेच डुगडुगत राहिला. मामांनी डोळे मिटून ऐकलं.

"सकाळी किती वाजता निघायचं?" ताईंनी विचारलं.

"तू येणार? तू तर ओरडशील, आई."

"ओरडायलाच येतेय. तुझ्या हेल्मेटच्या आतलं अस्तर सुटलंय, कधीची बघतेय. आण इकडे, दुकान बंद करायच्या आत टाके घालते."