झालरीआडचं कोरडं भांडं

मी नाताळच्या झाडाचा लोखंडी स्टँड बोलतोय. आवाज घोगरा वाटेल, धुरानं बसलाय. त्या दुपारला वर्ष होत आलं, तरी अंगावरची काजळी गेलेली नाही.

मला एका वेल्डरनं घडवलं. तीन पाय, खोड आवळायला चार स्क्रू आणि मधोमध पाण्यासाठी खोलगट भांडं. "झाड तोडलं तरी त्याची तहान तुटत नाही," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि दुकानाची पायरी उतरेपर्यंत विसरायची.

मला नेलं एका बस ड्रायव्हरनं. घरात तो, शिवणकाम करणारी त्याची बायको, सात वर्षांची पिटुकली आणि तिची आजी. दर डिसेंबरात मला माळ्यावरून काढून माझ्यात ताजं झाड रोवायचे. रूपानं मी यथातथाच, आणि बाईंना ते खुपायचं. त्यांनी माझ्यासाठी लाल साटिनची झालर शिवली, माझ्या पायांना पक्की बांधली. मी नटलो खरा, पण त्या दिवसापासून माझ्यातलं पाणी कुणाला दिसेनासं झालं.

त्याची आठवण ठेवायची ती फक्त आजी. ती सगळ्यांच्या आधी उठायची, झालर उचलून भांड्यात बोट बुडवायची आणि चहाच्या किटलीनं पाणी ओतायची. कुणाला बोलली नाही. घरातली अशी पन्नास कामं ती न बोलता करायची. सुनेला वाटे नवरा पाणी घालतो, नवऱ्याला वाटे बायको घालते. खरं सांगायचं तर दोघांना तेवढंही वाटत नव्हतं. झाड हिरवंगार होतं, मग कोण कशाला विचार करतोय!

गेल्या वर्षी ऐन डिसेंबरात आजी लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना तिनं सुनेला सगळं सांगितलं; दूध किती वाजता येतं, कुठल्या खिडकीची कडी सैल आहे. माझं तेवढं राहिलं.

दुसऱ्याच दिवशी भांड्याचा तळ लागला. खोड आक्रसून माझ्या स्क्रूंमध्ये ढिलं पडलं. सुयांसारखी पानं झडू लागली. बाई रोज केर काढायच्या आणि म्हणायच्या, झाड म्हटलं की कचरा आलाच. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण त्या घरात लोखंडाचा आवाज कुणाला ऐकू येणार?

वर दिव्यांच्या माळा. एकीची तार तुटलेली, ती ड्रायव्हरनं चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती. हाच माणूस रोज ब्रेक तपासल्याशिवाय बस डेपोबाहेर काढत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माळा दिवसभर चालू, कारण पिटुकलीला आवडायच्या. झाड आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात तिनं बाहुलीचं घर मांडलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी त्या जोडात चर्र झालं आणि एक ठिणगी उडाली. ठिणग्या मला नव्या नाहीत, माझा जन्मच त्यांच्यात झाला. पण हे भलतंच होतं. सुईत दोरा ओवायला लागेल तेवढ्या वेळात आग छताला भिडली. एखादी फांदी नव्हे, अख्खं झाड! मला अजून खरं वाटत नाही. आणि पिटुकली झाडामागे होती.

ती ओरडली नाही, तिची दातखीळच बसली होती. झालरीच्या फटीतून मला तिची पावलं दिसत होती, भिंतीला चिकटलेली.

बाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या. झाडाला हात लावायची सोयच नव्हती. त्यांनी खाली वाकून झालर दोन्ही मुठींत धरली आणि बाजूला ओढली. दुहेरी टाक्याची शिवण, ती फाटली नाही. मी फरफटत सरकलो, झाड कलंडलं आणि भिंतीलगत हातभर वाट झाली.

"रांगत ये. माझ्याकडे बघ," एवढंच त्या म्हणाल्या.

पोर आली. तिला कवटाळून त्या बाहेर पडल्या आणि मागे दार ओढून घेतलं. त्या दारामुळे बाकीचं घर वाचलं. आत उरलो मी आणि आग.

आग विझल्यावर बंबावरच्या माणसानं मला उचललं, भांड्यात बोट फिरवलं. नुसती काजळी. "यात पाणी कोण घालायचं?" त्यानं विचारलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं बाईंच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे.

दुसऱ्या दिवशी आजी परतली. अंगणात टाकलेल्या माझ्याजवळ येऊन बसली.

"मी घालत होते रे रोज," ती मुलाला म्हणाली. "सांगायचं राहिलं."

कुणी कुणाला दोष दिला नाही. मला मात्र ते आगीपेक्षा जड गेलं.

आता पुन्हा डिसेंबर आलाय. बाईंची बोटं अजून सुईला नीट वळत नाहीत. झाड आणलेलं नाही. मी मागच्या दारी पायरीशी पडून असतो, काळाठिक्कर. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर हात जोडून सांगतो, आज त्याची झालर उचला, बोट घालून बघा. तुटकी माळ फेकून द्या, आणि खोली सोडताना दिवे बंद करा. मुख्य म्हणजे, पाणी कोण घालतंय ते एकमेकांना विचारा.

आमच्या घरी आता विचारावं लागत नाही. शाळेला निघण्याआधी पिटुकली रोज मागच्या दारी येते. माझ्यात बोट बुडवते आणि आजीच्या किटलीनं मला काठोकाठ भरते. झाड नाही हे तिला ठाऊक आहे. तरी भरते, आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "आज पाणी मी घातलं."