उजवा स्पीकर

सर्वेश अंधेरीला साऊंड सिस्टिमच्या दुकानात कामाला होता. तिथे येणारं दर तिसरं गिऱ्हाईक त्याला विचारी, "म्युझिक लाईनची माणसं घरी कशावर ऐकतात हो?" सर्वेश मग आतले उंच, काळे स्पीकर दाखवून म्हणे, "यावरच." तेवढं बोलताना त्याला हटकून दिंडोशीच्या घरातला, फ्रिजवरचा जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-कॅसेटचा डबा, आठवे. त्याची आई मंजुळाबाई पंचवीस वर्षं स्टुडिओत कोरसमध्ये गायल्या होत्या आणि त्यांच्याकडे ऐकायला हा डबा. त्याचाही उजवा स्पीकर बंद.

"आई, निदान दुरुस्त करून आणू दे गं. लाज वाटते मला."

"राहू दे रे. एवढं पुरतं मला."

खरं कारण मंजुळाबाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

कोरसचं काम उलटंच असतं. सोळा जणींनी एका गळ्याने गायचं आणि एकीचाही आवाज वेगळा कळू द्यायचा नाही. "बाई, तुम्ही ऐकू येताय!" अशी अरेंजरची, म्हणजे वाद्यं-कोरस बसवणाऱ्याची, ओरड आली की समजायचं, पुढच्या वेळी बोलावणं नाही. मंजुळाबाई पंचवीस वर्षं टिकल्या त्या ऐकू न येण्यावरच. चुकल्या त्या एकदाच. एका सिनेमात हळदीचं गाणं होतं. सोळा जणींचे दोन गट करून दोन माईकपुढे उभे केले होते. मंजुळाबाई डावीकडे, त्यांची मैत्रीण शकू उजवीकडे. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी 'आ' होता. सगळ्यांनी ठेक्यावर थांबायचं होतं. मंजुळाबाईंचा श्वास तेवढा लांबला.

"कोण ओढतंय शेवट?" अरेंजर कडाडले. पण स्टुडिओची वेळ संपली होती, तोच टेक राहिला. बाहेर आल्यावर शकूने त्यांना कोपराने ढोसलं. "मंजे, तूच गं ती! मी कशी टक्कन थांबले!" पुढे भेटेल तेव्हा शकू हे ऐकवायची आणि मंजुळाबाई मुकाट्याने ऐकून घ्यायच्या. शकू जाऊनही आता बारा वर्षं झाली होती.

तो सिनेमा कधी आला नि कधी गेला, कुणालाच कळलं नाही. घरात त्याची कॅसेट तेवढी राहिली. वेष्टणावर गायिकेचं नाव, वादकांची नावं, आणि शेवटी नुसतं 'कोरस'. मग एकदा स्टुलावर चढून पंखा पुसताना धक्का लागून टू-इन-वन फ्रिजवरून पडला, उजवा स्पीकर गेला, आणि त्या दुपारी कॅसेट लावल्यावर मंजुळाबाई हातातलं फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अर्धा कोरस गायब झाला होता. उरलेल्या आठ जणींत तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्या स्वतः होत्या. एकट्या. लांबलेला श्वास, चांगला दोन मात्रा. चूक होती खरी, पण अख्ख्या आयुष्यातला तेवढाच आवाज त्यांचा म्हणून ओळखू येत होता.

मागच्या आठवड्यात नात गार्गी शाळेतून फुरंगटून आली. वर्गात तिने सांगितलं होतं, माझी आजी सिनेमात गायली आहे. "तर रुचिका म्हणते, मागे ला-ला करणारी असेल. तिचा आवाज ऐकव तर खरं. आजी, कुठलाय गं तुझा आवाज?"

"रविवारी ऐकवते," मंजुळाबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांनी ती गोष्ट निदान नातीला तरी सांगायची, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सकाळी त्या बाजारातून आल्या तर फ्रिजवर काहीच नव्हतं. समोर टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन उंच, काळे स्पीकर उभे होते. मध्ये अॅम्प्लिफायर आणि कुठून तरी मिळवलेला कॅसेटचा डेक.

"सरप्राईज!" सर्वेशचा चेहरा फुलला होता. "आता कोणी विचारलं ना, छातीठोक सांगेन. तुझीच कॅसेट लावतो पहिली."

गाणं सुरू झालं. घर भरून गेलं. ढोलकीवरची थाप अंगावर आली, सनई तर खिडकीत बसून वाजवल्यासारखी. तिसरं कडवं आलं, संपलं. सोळा जणी एका गळ्याने गायल्या, शेवटचा 'आ' दोन्हीकडच्या वाद्यांच्या गजरात बुडाला आणि त्यांत मंजुळाबाई कुठेच नव्हत्या. अरेंजरला हवा होता अगदी तसा कोरस.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या.

गार्गी त्यांच्याकडे बघत होती. "आजी, तू कुठे होतीस?"

मंजुळाबाईंनी सर्वेशकडे पाहिलं. एवढ्या हौसेने आणलं पोराने. गप्प बसणं सोपं होतं. त्यांना त्याची सवयही होती. पण गार्गी उद्या वर्गात जाऊन काय सांगणार?

"सर्वेश, उजव्याची वायर काढ."

"काय?"

"काढ म्हणते ना. एकच चालू ठेव."

"आई, अगं दोन्हींचा तोल साधायला सकाळपासून खपतोय मी!"

"ठाऊक आहे रे. तरी काढ."

तो कुरकुरत मागे गेला. गार्गीने कॅसेट मागे नेली. पुन्हा तिसरं कडवं, पुन्हा तो 'आ'. बाकीच्या थांबल्या, आणि एक बारीक, गोड आवाज पुढे तसाच रेंगाळला.

"ही तू!" गार्गी ओरडली. "पोळ्या लाटताना अश्शीच ओढतेस तू!"

"चुकलं होतं गं ते," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. अरेंजरची ओरड, शकूचे टोमणे, पडलेला टू-इन-वन. सर्वेश हातात वायर धरून ऐकत राहिला.

"म्हणून दुरुस्त करू देत नव्हतीस?" तो हळूच म्हणाला. "एकदा बोलायचंस तरी."

"काय बोलू? की माझी चूक ऐकत बसते रोज?"

गार्गीचं लक्ष मात्र दुसऱ्या स्पीकरकडे गेलं होतं. "मग शकूआजी यात आहे?"

मंजुळाबाई थबकल्या. दोन्ही स्पीकर चालू होते तेव्हा सगळा कोरस एकात एक मिसळलेला असे. नुसती उजवी बाजू त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. सर्वेशने न विचारता डावीची वायर काढली आणि उजवीची जोडली.

कडवं आलं. सात जणी ठेक्यावर थांबल्या. आठवी थांबली नाही. शकूचा तो किंचित नाकातला, हसू दाबल्यासारखा आवाज खुशाल पुढे चालत राहिला. एक मात्रा, दोन, तीन.

"आजी, ही तर तुझ्याहून जास्त ओढतेय!"

"खोटारडी!" मंजुळाबाई उजव्या स्पीकरला म्हणाल्या. "टक्कन थांबले म्हणे!" त्या हसायला लागल्या ते डोळे पुसायला पदर शोधेपर्यंत. मग गार्गीला म्हणाल्या, "मागे घे गं. परत ऐकव तिचा आवाज."